साध्या वापरापुरता फोन

३ जाने.
विलासने फोन आणला. माझा स्वतःचा, पहिलाच. सगळ्यात स्वस्तातला. मीच म्हटलं, म्हातारीला भारी कशाला. तो म्हणतो, "आये, साध्या वापराला बस हाय." चालू व्हायला वेळ लावतो. माझंपण तसंच, आधी बसायचं मग उठायचं. पण नात दिसली! सून वनिता बाळंतपणाला सफाळ्याला माहेरी हाय. बाळीने जांभई दिली आणि चित्र अडकलं, तोंड उघडं ते उघडंच. मी इकडं हसून हसून ताटातला भात सांडला.

७ जाने.
फोन तापतो. पदरात धरला, थंडीचं बरं वाटतं. शेजारची पारूबाय म्हणते, "तुझ्या फोनात माणसं धुक्यातली दिसतात गं." दिसू दे. तिचा भारी फोन, पण नात कुठं हाय तिला?

११ जाने.
दुपारी केमिकलच्या कंपन्यांकडून मोठा आवाज. भांडी पडली. आमच्या कुंभवलीत आवाज होतात, पण हा असा... सगळे ओलं फडकं तोंडाला बांधून रस्त्यावर. विलास कामावर. फोन लावला. रिंग जाते, उचलत नाय. परत. परत. वाटलं, हा फोनच फालतू, पोचतच नाय तिकडं. पारूबायच्या फोनवरून लावला. तसंच.

सांजचा चालत आला. बाजूच्या कंपनीत झालं, त्याच्या नाय. आधी चापट मारली, मग रडले. "फोन का नाय उचललास?"

"आये, फोन गेटवर पेटीत ठेवतात. आत नेऊ देत नाय. ठिणगीचा धोका असतो."

म्हणजे एवढा वेळ मी पेटीला फोन करत होते.

१२ जाने.
वनिताला बोलले नाय. ओली बाळंतीण, दूध आटायचं. बाळी आज हसली. मी पण हसले, आणि कालचं तोंडातून निघायच्या आत फोन ठेवला.

१५ जाने.
विलासला म्हटलं, सोड ती कंपनी. "दुसरी धरली तर ती पण कंपनीच ना, आये." आणि जेवत राहिला. मग गेटवरच्या वॉचमनचा नंबर मागितला. दिला, पण तोंड वाकडं करून. "रोज करू नको हां. पोरं हसतात मला."

१९ जाने.
रोज करते. वॉचमन यूपीचा, गोड बोलतो. "माताजी, सब ठीक है. आपका लडका चाय पी रहा है." मी विचारलं, साखर कमी का? तर हसला. त्याची आई गावाला, तिलापण असाच फोन हाय म्हणे. तेवढ्यापुरतं बरं वाटतं. फोन ठेवला की काळजी परत सुरू.

२४ जाने.
कंपनीचा भोंगा झाला. पाळी सुटायची वेळ नाय. परत झाला. वॉचमनला लावला. "माताजी, रुकिये, देखके आता हूँ." गेला. फोन बंद नाय केला, ठेवून गेला. मी कानाला लावून बसलेय. लिहितेय म्हणून हात जागेवर हाय. पळायचे आवाज येतात. कोणतरी ओरडतंय का हसतंय, या फोनात सगळं फाटकंच ऐकू येतं. मधेच टुक टुक. वनिताचा फोन. तिचा घेतला तर हा कटंल का? ते नाय शिकवलं विलासने. बाळीचा फोटू वर येतो, जातो. परत आला. तिला कळलं वाटतं. थांब गं पोरी, थांब जरा, इकडं कोणतरी बोलतंय