घाटावर दिलेला शब्द

आप्पा, मी जर्मनीला शिकायला जाणार आहे. विजेच्या मोटारींचंच शिकायला. तुम्हाला विचारत नाही, सांगते आहे. विचारायला गेलं की इथे सगळे तुमच्या नावानं नको म्हणतात, आणि तुम्ही स्वतः कधी नको म्हणाल्याचं मला तरी आठवत नाही.

तुमचा दहावा मात्र लख्ख आठवतो. मी सातवीत होते. घाटावर पिंड ठेवलाय, कावळे पलीकडच्या बाभळीवर बसून आहेत आणि एकही खाली उतरत नाही. ऊन चढत चाललंय. तुमचा चहा ठेवून झाला, तंबाखूची पुडी ठेवून झाली. मग तुमचा जीव कशात अडकलाय ते ओळखून एकेक जण शब्द द्यायला लागला. मामा म्हणाले, "दाजी, फाट्यावरचं दुकान आमी बंद पडू देत न्हाई." कावळा ढिम्म. मग काका पुढे झाले आणि हात जोडून म्हणाले, "दादा, पोरीची काळजी करू नगं. तिला तालुक्याभाईर धाडत न्हाई. जवळच देतो, डोळ्यापुढं." आणि कावळा उतरला. आई हुंदके देत मटकन खाली बसली, बाकीचे घाईघाईनं चपला शोधायला लागले. माझं काय ठरलं ते माझ्याशी कोणी बोललंही नाही. दुकान तेवढं वर्षाच्या आत विकलं, त्या शब्दाला कावळा आला नव्हता ना!

परवा तिकडच्या विद्यापीठात प्रवेश मिळाल्याचं कळलं, तर काकांनी लोणीचं स्थळ पुढे केलं. "दादाला शब्द दिलाय मी. तो मोडायचा न्हाई." मी म्हटलं, "काका, लोणी आंबेगावात येतं. तो तालुका दुसरा." तर म्हणतात, "शेजारचाच हाय, तेवढं चालतं." कावळ्याला आंबेगाव चालतं आणि जर्मनी चालत नाही, हे त्यांना कोणी कळवलं कोण जाणे. काकांशी मी दिवसभर भांडू शकते. आई भांडत नाही, तिचाच त्रास होतो. ती एवढंच म्हणते, "तू गेलीस तर त्यांचा जीव पुन्यांदा घुटमळंल गं." मग आप्पा, मला तुमचाच राग येतो. जिवंतपणी कधी अडवलं नाहीत आणि आता आडवे येता.

विहिरींवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचं तुमचं दुकान, वॉर्निशचा वास, दारात ओळीनं पडलेल्या मोटारी. शाळा सुटली की मी तिथेच असायची. एकदा बोरीचे एक पावणे विहिरीतली मोटार घेऊन आले. लाइट कमी-जास्त झाली म्हणून जळाली, असं त्यांचं म्हणणं. मीही शहाण्यासारखी म्हणाले, "व्होल्टेजनंच गेली असणार." तुम्ही हातातला पाना टेबलावर आपटलात. "उघडून बघितलीस का? मग तोंड कशापायी चालवतीस? दुसऱ्याचं ऐकून मोटार भरायची न्हाई." गिऱ्हाइकासमोर बोललात म्हणून मला रडूच कोसळलं. मग माझ्याच हातात पाना देऊन उघडायला लावलीत. आत नुसता गाळ भरला होता.

तर आप्पा, तुमचा दहावाही मी तसाच उघडून बघितला. काका बोलायला पुढे झाले तेव्हा गुरुजी ओरडले होते, "मागं सरा, गर्दी करू नका." पिंडावर वाकून उभी असलेली सगळी माणसं पायऱ्या चढून मागे गेली. जागा मोकळी झाली आणि कावळा आला. त्या वेळी कोणी पावसापाण्याचं बोललं असतं तरी आला असता. आईला हे सांगितलं, तर म्हणाली, "असंल. पर आला न्हवं?"

आणि खरंच तुमचा जीव अडकणार असेल तर अडकू द्या. तेवढ्यासाठी मी लोणीला नांदायला जाणार नाही.

हे एसटीत लिहिते आहे. आज व्हिसाच्या कामाला निघाले. आई काल म्हणत होती, जायच्या आधी एकदा घास ठेवून बघ. मी साफ नाही म्हटलं. आजवर दिल्या तेवढ्या परीक्षा पुरेत. पण सकाळी ती आत गेलेली बघून मी गुपचूप कट्ट्यावर भाकरी ठेवली, वर तुमच्या आवडीचा ठेचा, आणि गेटपाशी उभी राहिले. कावळा विजेच्या तारेवर बसून होता. उतरला नाही. आई कधी मागे येऊन उभी राहिली कळलंच नाही. तिनं तारेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग ती भाकरी उचलून कागदात गुंडाळली आणि माझ्या हातात कोंबली. "त्याची वाट बघत बसलीस तर गाडी चुकंल. वाटंत खा."

हे पाठवायचं कुठे, हा प्रश्नच नाही. नारायणगाव यायच्या आत मी ती भाकरी खाल्ली, आप्पा. भूक नव्हती.