सोहळा कुणाचा?

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तोंड गोड कर! तुझ्या पिपाणीला बँडचं कायमचं काम लागलं. रोज दुपारी एका जुन्या इमारतीच्या अंगणात आम्ही चौघांनी जीव तोडून वाजवायचं, बस्स. ना वरात, ना उन्हात पायपीट. मालकाचा माणूस स्वतः सरबत पाजतो आणि म्हणतो, अजून जोरात! गल्लीतली पोरं नाचून धुरळा उडवतात. इमारत रिकामीच आहे, फक्त वरच्या खिडकीत एक आजी येते. दोन्ही हात डोक्याशी नेऊन काय डोलते म्हणून सांगू! तिच्यासाठी मी ट्रम्पेटचा शेवटचा सूर मुद्दाम लांबवतो.

लग्नाचा लकडा लावला होतास ना? आता खुशाल मुलगी बघ. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
पिपाणी

९ मार्च

चि. पिपाणीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून आम्ही घर डोक्यावर घेतलं. तुझ्या भावोजींनी तर पातेल्याचा ढोल केला. मुलगी बघून ठेवलीय; कानाची पक्की आहे, तेव्हा जपून.

एकच खटकलं. आपले आबा ट्रम्पेट तोंडाला लावण्याआधी विचारायचे, सोहळा कुणाचा? लग्न असो की मयत, उत्तर मिळाल्याशिवाय फुंकर नाही. तू विचारलंस का रे? आणि नीट बघ बाबा, ती आजी हात डोक्याशी नेते की कानांवर ठेवते?

तुझं उत्तर आलं की मगच तोंड गोड करीन. लोभ आहे, म्हणून तर विचारते.

तुझी,
ताई

१५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कानांवरच.

मालकाच्या माणसाला विचारलं. तो हसत म्हणाला, बाकीचे भाडेकरू गेले, म्हातारी तेवढी हटेना; तुम्ही वाजवत राहा, जाईल आपसूक. मी गड्यांना सांगितलं. ढोलवाला म्हणाला, आपण फक्त बडवतो. झांजवाला म्हणाला, मी तर नुसता साथीला. मीही म्हणणार होतो की मी फक्त फुंकतो. पण ताई, मग आजीला घराबाहेर काढत होतं कोण? मेल्याहून मेल्यासारखं झालं. चौघांनी काम सोडलं.

माफी मागायला वर गेलो. आजीने आधी आमची बिनपाण्याने हजामत केली, मग चहा टाकला. मालकाने दुसरा बँड आणला, तर ढोलवाल्यानेच त्यांना फाटकात अडवून विचारलं, सोहळा कुणाचा? खरं कळल्यावर तेही माघारी फिरले.

काल दुपारी आजी कितीतरी दिवसांनी झोपली. आम्ही जिन्यात राखणीला बसलो होतो, हूं की चूं नाही. इतकं सुरेल आम्ही आजवर वाजवलं नव्हतं बघ.

मुलीला सांग, मुलगा सध्या रिकामा आहे, पण लोभाला कमी पडणार नाही. तुझाही असू दे.

तुझा,
पिपाणी