रानप्रकार

हेस्तॉय,
२१ सप्टेंबर २०१६

प्रिय आन्फिन,

हामरफेस्टहून टाकलेलं तुझं पत्र मिळालं. जहाजाच्या इंजिनाची कुरकुर थांबली हे वाचून बरं वाटलं. तुझ्या गुडघ्यांची थांबली का, ते मात्र लिहिलं नाहीस. लहानपणापासून लबाडच तू.

इकडे ठीक आहे. बटाटे काढून झाले. माळावरची जांभळी फुलं आता तपकिरी पडायला लागलीत. परवा शेजारचा आर्विद कोबी-मटणाचं पातेलं घेऊन आला. माझं तोंड निरखून म्हणाला, "बोर्गिल्ड, पुटकुळ्या गेल्या की गं! माणसात आलीस."

"मी आले. तू कधी येतोस?" मी म्हटलं. हसला, पण जेवून गेला नाही. माझ्याच ताटाकडे बघत बसला होता.

डॉक्टरांचं काय म्हणणं, असं तू विचारलंयस. सांगते. पण पहिल्यापासून सांगू दे, कारण फोनवर मी तुला सगळं तुकड्या-तुकड्यांनी सांगत आले, आणि त्यातलेही गोड तेवढेच तुकडे.

मागच्या वर्षी आतड्यातली गाठ काढल्यावर यकृतातही डाग दिसले, तेव्हाची गोष्ट. बर्गनच्या त्या तरुण डॉक्टरीणबाई, टोरून, कागद वाचून म्हणाल्या, "चांगली बातमी आहे. तुमचा रानप्रकार निघाला." पुढचं मला ऐकूच आलं नाही. जन्मभर मी रानमेंढरं पाळली. बर्फात बाहेर राहणारी, कुंपण न मानणारी, ओहोटी लागली की पोहून पलीकडच्या बेटावर जाणारी. ती जात पोटात शिरल्यावर तिला कोण आवरणार? मी कोट उचलला आणि थेट धक्का गाठला. घरी येऊन आर्विदला म्हटलं, "घेऊन जा सगळी मेंढरं."

टोरूनबाईंचा फोन आला. "अहो, पळालात कुठे? रानप्रकार म्हणजे न बिघडलेला! निसर्गाने घडवला तसाच्या तसा. म्हणून तर औषध लागू पडेल."

"मग तसं म्हणा की बाई! मेंढरंवालीला रान म्हटलं तर ती कुंपणच बघणार."

आर्विदही टेकीला आला होता. "तुझी जनावरं परत ने. दोन दिवसांत माझा सगळा कोबी बोडकला त्यांनी. मालकिणीसारखीच आहेत, कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत."

मग वाचनालयाची बोट आली तेव्हा मी पुस्तकं मागून घेतली. चार बुकं वाचून शहाणी झालेली म्हातारी मी, पण मला जे उमगलं ते असं. पेशीच्या दारावर एक प्रथिन असतं, घंटेसारखं. बाहेरून कुणी वाजवली की आतलं दुसरं प्रथिन, रास म्हणतात त्याला, निरोप घेऊन धावतं: वाढ, आणखी वाढ. निरोप पोचला की त्याने गप्प बसायचं, हा त्याचा धर्म. माझा रास तेव्हा असा धर्म पाळणारा होता, तोच तो रानप्रकार. कॅन्सरवाल्या पेशींच्या दारावर ही घंटा सारखी खणखणते. माझं औषध त्या घंटेवर हात ठेवून बसायचं. आणि पेशींना एकमेकींचे हात धरायला लावणारंही एक प्रथिन असतं. ती पकड सुटली की एखादी पेशी रक्तातून वाट काढत परक्या घरी जाऊन बसते. माझ्या यकृतात तशाच बसल्या.

त्या औषधानेच तोंडभर पुटकुळ्या आल्या होत्या. आर्विदने विचारलंही, "सत्तरीत कुणाच्या प्रेमात पडलीस?" टोरूनबाई मात्र म्हणायच्या, "असू द्या. पुटकुळ्या आहेत म्हणजे औषध कामाला लागलंय." मी आरशात बघून त्या जपायचे, आन्फिन. डाग आकसले होते. काही महिने बरे गेले.

आता पुटकुळ्या गेल्या, त्या औषध थांबवलं म्हणून.

उन्हाळ्यात यकृतात नवी गाठ दिसली. तिचा तुकडा तपासला. टोरूनबाई या वेळी कागद वाचत बसल्या नाहीत, खुर्ची ओढून जवळ आल्या. रास बिघडलाय. आता तो कुणाच्या घंटेची वाट बघत नाही, गप्पही बसत नाही, आपणच ओरडत सुटलाय. घंटेवर हात ठेवून काय उपयोग? पण त्यात कुणाची चूक नाही म्हणाल्या. औषधाने साध्या पेशी मारल्या, बिघडलेल्या तेवढ्या मागे उरल्या आणि त्यांनी घर भरलं.

"मे महिन्यात माझा भाऊ निवृत्त होऊन येणार आहे," मी सांगितलं.

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "त्यांना आधी येता येणार नाही का?"

दुसरं औषध सुरू केलंय. त्याने थोडं थोपेल, बरं होणार नाही. मी घेतेय. पण बोटीने जाऊन-येऊन जीव मेटाकुटीला येतो. आल्यावर बूट काढायलाही खाली वाकवत नाही, तशीच खुर्चीत बसून राहते.

तूही पोट तपासून घे. एकाच आईची लेकरं आपण. यावर विनोद करू नकोस.

पुढच्या महिन्यात मेंढरं गोळा करायची. ती माझ्याच हाकेला येतात आणि माझा आवाज आता टेकडीपलीकडे पोचत नाही. तू शेजारी उभं राहून हाक शिकून घ्यावीस, म्हणून लवकर ये, असं लिहायला मी बसले होते. ते खोटं नाही. पण मेंढरं आर्विदही सांभाळेल, शिव्या देत का होईना.

खरं ते वेगळंच आहे. बोटीतून उतरते तेव्हा धक्क्यावर कुणीतरी उभं असावं असं वाटतं. सगळे आपापल्या माणसाबरोबर निघून जातात आणि मी पिशवी खाली ठेवून जरा थांबते, दम लागला म्हणून. आपल्या घरात कुणी कुणाला 'ये' म्हटलं नाही. यायचा तो येतो, अशी आपली रीत. मी ती मोडतेय.

कंपनीकडे रजा माग. नाही दिली तरी ये.

तुझी, आता खरंच थकलेली ताई,
बोर्गिल्ड