तिसऱ्या मजल्यावर न आलेली हाक

दिनांक : १४ मे २००७

प्रति,
मा. व्यवस्थापक,
महानगरपालिकेचे सभागृह,
कोथरूड, पुणे ४११ ०३८.

अर्जदार : हिंमतराव सोनबा ढमढेरे, वय ६४, सेवानिवृत्त फोरमन, सदनिका क्र. ११ (तिसरा मजला), निशिगंध सहकारी गृहरचना संस्था, कोथरूड.

विषय : शनिवार, दि. १९ मे रोजी सकाळी ११ वाजता आपल्या सभागृहात होऊ घातलेल्या ‘खाली या ना’ या भयपटाच्या खेळास परवानगी नाकारणेबाबत. तसे न जमल्यास परिच्छेद ८ मधील विनंतीबाबत.

संदर्भ : १) संस्थेच्या फलकावरील दि. ८ एप्रिलची सूचना.
२) अर्जदाराने दि. १ मे रोजी लिफ्टपाशी नोंदवलेला तोंडी निषेध.

महोदय,

१. अर्जदार आपल्या सभागृहाचा जुना प्रेक्षक आहे. पंख्याखालची खुर्ची मिळावी म्हणून तो पाऊण तास आधी येऊन बसतो, हे आपल्या दारावरच्या माणसांना ठाऊक आहे. तक्रारी करण्याचा त्याचा स्वभाव नाही. (पाणी, पार्किंग, मांडव आणि कबुतरे यांबाबतचे त्याचे यापूर्वीचे अर्ज या तक्रारी नसून सूचना होत्या.) तरीही आज लेखणी उचलावी लागली, कारण प्रश्न कोवळ्या मुलांच्या मनाचा आहे.

२. सदर चित्रपट आमच्याच संस्थेत, आमच्याच मुलांना घेऊन काढलेला आहे. त्याची गोष्ट अशी. एका सोसायटीतली मुले एके दिवशी मोठ्यांच्या विरोधात जातात. ओरडत नाहीत, काचा फोडत नाहीत, आणि तेच जास्त वाईट. संध्याकाळी पाच वाजता सगळी पार्किंगमध्ये ओळीने उभी राहतात, वर एकाच खिडकीकडे बघतात आणि अगदी गोड आवाजात हाक मारतात, “काका, खाली या ना.” हाक आलेला माणूस हातातले काम टाकून खाली जातो. दुसऱ्या दिवशी जिन्यात त्याची एक चप्पल तेवढी सापडते. असे करत करत सगळी इमारत रिकामी होते आणि मुले लिफ्टमध्ये बसून वर-खाली करत राहतात. चाळीस मिनिटांत नऊ प्रौढ माणसे संपतात. कोणी कोणाच्या पाया पडत नाही.

३. पाया पडण्याचा उल्लेख मुद्दाम केला आहे. आमची संस्था १९८८ साली उभी राहिली. तेव्हापासून दर एक मेला संस्थेच्या वर्धापनदिनी मुलांचे नाटक होते. ते अर्जदार लिहितो, अर्जदार बसवतो आणि आडोशाला उभा राहून सगळ्यांचे संवाद अर्जदारच पुटपुटतो. मुकुट, दाढ्या, वाघाचे कातडे, सगळे त्याच्या माळ्यावर असते. आजवर एकोणीस नाटके झाली आणि एकोणीस वेळा मुले शेवटी ‘चुकलो’ असे कबूल करून मोठ्यांच्या पाया पडली. टाळ्या पडत. निदान पुढच्या दोन रांगांतून तरी पडत.

४. यंदा विसावे वर्ष. अर्जदाराने दि. १५ एप्रिल रोजी पार्किंगमध्ये सतरंजी घालून तालमीची वेळ जाहीर केली. सतरंजीवर तो आणि मुकुट एवढेच होते. अर्ध्या तासाने एक मुलगा आला, तोही विचारायला, की एक दाढी मिळेल का, शूटिंगला हवी आहे. अर्जदाराने दिली नाही. (ती दाढी पुढे चित्रीकरणात दिसली. माळ्याची किल्ली घरात आणखी एका व्यक्तीपाशी असते.) चौकशीअंती कळले की मुले सदनिका क्र. ३ मधील भाडेकरू श्री. दिग्विजय यांच्या नादी लागली आहेत. हे गृहस्थ मूळचे यवतमाळकडचे, वय सत्तावीस. हिंजवडीला कुठल्याशा कंपनीत अमेरिकेच्या घड्याळाप्रमाणे काम करतात. दुपारी साडेतीनला कंपनीची गाडी त्यांना घेऊन जाते, आणि शनिवार-रविवार ते परदेशाहून आणलेला हातातला कॅमेरा घेऊन मुलांत पोरासारखे हुंदडतात. मुले त्यांना नुसते ‘डिग्गी’ म्हणतात आणि ते ओ देतात! अर्जदाराला मुले ‘सर’ म्हणत आली. एकोणीस वर्षांत राखलेली मुले या माणसाने दोन रविवारांत नेली. एक मेला नाटक झाले नाही. लिफ्टपाशी अर्जदाराने याचा जाब विचारला, तेव्हा ते म्हणाले, “सर, तुम्ही पण शूटिंग पाहाले या ना जी.” पाहायला! ज्याने एकोणीस नाटके बसवली, त्याने कडेला उभे राहून पाहायचे.

५. अर्जदार अर्थातच गेला नाही. आपल्या गॅलरीत, वाळत घातलेल्या चादरीमागे उभे राहून त्याने चारही आठवडे सर्व चित्रीकरण तटस्थपणे पाहिले. त्यावरून तो जबाबदारीने नमूद करतो की संस्थेतील कोणालाही मरता येत नाही. अध्यक्ष रावसाहेब (पहिला मजला) यांना सर्वांत लांबलचक मरण मिळाले आहे, पूर्ण अडीच मिनिटांचे, आणि त्यात त्यांनी तीनदा कॅमेऱ्याकडे बघितले. धुणेभांड्याच्या बायडाबाई तर मेल्यावर हसल्या. दुसऱ्या दिवशी अर्जदाराच्याच ओट्यापाशी उभ्या राहून सांगत होत्या, “आजोबा, पोरांनी मला बी मारलं बघा! लई झ्याक मेले मी. तुमचा नंबर कवा हाय?” अर्जदाराने त्यांना भांडी नीट विसळण्यास सांगितले. १९७४ सालच्या कामगार नाट्यस्पर्धेत अर्जदार जखमी सरदार म्हणून रंगमंचावर मेला होता आणि त्याला अभिनयाचे उत्तेजनार्थ प्रमाणपत्र मिळाले होते. तेव्हा या संपूर्ण संस्थेत मरण्याचा रीतसर अनुभव असलेला तो एकमेव सभासद आहे. त्यालाच वगळण्यात आले.

६. घरची स्थिती तर आपलेच दात आपलेच ओठ अशी आहे. मुलांच्या टोळीची म्होरकी, म्हणजे ओळीत मधोमध उभी राहून हाक मारणारी मुलगी, ही अर्जदाराची नात ऋतिका, वय दहा. वयाच्या चौथ्या वर्षी तिला पहिला मुकुट अर्जदाराने घातला. आणि सौ. कौशल्या, म्हणजे अर्जदाराची पत्नी, यांनी चित्रपटातल्या कामांसाठी फलकावर लावलेल्या कागदावर गुपचूप स्वतःचे नाव लिहिले होते. कुकरच्या शिट्टीआड त्या किंकाळीचा सराव करत, हे अर्जदाराला फार उशिरा उमगले. रविवार, दि. ६ मे रोजी पाच वाजता खालून ऋतिकाची हाक आली, “आजी, खाली या ना.” अर्जदार चादरीमागे उभा होता. सौ. कौशल्या ठेवणीतली साडी नेसून त्याच्या शेजारून गेल्या, दार ओढून घेतले आणि गेल्या. चाळीस वर्षांच्या संसारात त्या इतक्या आनंदाने कोठे गेल्याचे अर्जदाराला आठवत नाही. तो हाक संपल्यावरही बराच वेळ थांबला. एकाच घराकडे बघून मारलेली हाक, तर दुसरीही येईल असे त्याला वाटले. मुले तोंडे फिरवून दुसऱ्या मजल्याकडे बघू लागली.

यास कोणी मत्सर म्हणेल. अर्जदार चार दिवस त्याला संस्कारांची काळजी म्हणत होता. पण अर्ज खरा लिहावा अशी रीत आहे, म्हणून नमूद करतो : होय, मत्सर. रावसाहेबांच्या अडीच मिनिटांचा, बायडाबाईंच्या हसण्याचा, बायकोच्या साडीचा. अर्जदाराचा आवाज ऐकून मुले गप्प बसतात आणि डिग्गीचा ऐकून धावत येतात, याचा तर सर्वांत जास्त.

७. काल, दि. १३ रोजी, अर्जदाराने ऋतिकाला सरळ विचारले की मला का नाही मारले. ती म्हणाली, “आजोबा, तुमचं नाव लिस्टमध्येच नव्हतं ना! तेरा एप्रिल लास्ट डेट होती.” सूचना अर्जदाराने वाचली होती. ‘इच्छुकांनी नावे लिहावीत’ असे तीत होते. परंतु नटमंडळींना दिग्दर्शकाने घरी येऊन, हातावर नारळ ठेवून बोलवायचे असते. फलकावर नाव खरडणे हे पाण्याच्या टँकरच्या यादीसाठी ठीक आहे. अर्जदार नारळाची वाट बघत राहिला. असे त्याने सांगताच ऋतिका म्हणाली की आजोबांना नारळ लागतो हे तिनेच डिग्गीला सांगितले होते आणि डिग्गी नारळ घेऊन आलाही होता. अर्जदार तसाच सदनिका क्र. ३ मध्ये गेला. श्री. दिग्विजय यांनी खाली मान घालून सांगितले, “दोनदा आलो होतो सर. बुधवारी पण अन् गुरुवारी पण. मले दुपारचाच टाइम असते जी. पण तुमच्या दारावर लिहिलं आहे ना...”

आमच्या दारावर अर्जदाराने स्वहस्ते रंगवलेली पाटी आहे : ‘दुपारी १ ते ४ बेल वाजवू नये. वाजवल्यास दार उघडले जाणार नाही. का, ते विचारू नये.’ यवतमाळच्या त्या सरळ मुलाने ती दोन्ही दिवस नीट वाचली आणि पाळली. पुण्यात अकरा वर्षांत ती पाळणारा हा पहिलाच मनुष्य. नारळ त्याने जाता जाता पहिल्या मजल्यावर रावसाहेबांना दिला. अडीच मिनिटांचा उगम तो.

८. आता मूळ मुद्दा. अर्जदाराचा मुलगा सुदर्शन यास कंपनीने अमेरिकेस पाठवले असून तो, सूनबाई व ऋतिका मंगळवार, दि. २९ मे रोजी जात आहेत. तीन वर्षांसाठी असे म्हणतात. संस्थेतून यापूर्वी तीन वर्षांसाठी गेलेली चार कुटुंबे तेथेच आहेत. ऋतिका चित्रपटाची सीडी बरोबर नेणार आहे. तिकडे थंडीत कधी घराची आठवण आली की ती लावील. तीत पार्किंग असेल, लिफ्ट असेल, बायडाबाई हसतील, आजी ठेवणीतल्या साडीत जिना उतरेल, रावसाहेब मावेल तेवढे मरतील. आजोबा कुठेही नसतील. थोडी मोठी झाल्यावर कोणी विचारले तर, ते तेव्हा घरात होते, एवढेच तिला सांगता येईल.

श्री. दिग्विजय एक प्रसंग वाढवण्यास तयार आहेत. तो जोडायला त्यांना खेळाआधी एक सुट्टीचा दिवस हवा. तो शनिवार, दि. १९ हाच आहे आणि त्याच दिवशी आपले सभागृह ठरले आहे. मुलांनाही विचारले. त्यांची हरकत नाही, फक्त ‘सरांनी मरताना संवाद म्हणायचे नाहीत’ अशी अट आहे. ती अर्जदाराने मान्य केली.

सबब परवानगी नाकारण्याची वरील विषयातील मागणी रद्द समजून खेळाची तारीख शनिवार, दि. २६ मे अशी करून द्यावी. त्या दिवशी सकाळी आपल्याकडे योगवर्ग असल्याचे कळते. वर्गास येणाऱ्या ज्येष्ठांना अर्जदार स्वतः भेटून विनवील. त्यांतील सात जण त्याच्या ओळखीचे असून दोघांशी बोलणे चालू आहे. वेळ बदलावी लागली तरी चालेल. दुपारी एक ते चारही चालेल.

शनिवारी, दि. १९ रोजी, पाच वाजता अर्जदार गॅलरीत चादरीच्या पुढे उभा राहील. हाक आली की तो लिफ्टची वाट बघणार नाही.

आपल्या एका सहीवर अवलंबून असलेला,

(हिंमतराव सोनबा ढमढेरे)
‘सर’, आजोबा, सदनिका क्र. ११

सोबत :
१) उत्तेजनार्थ प्रमाणपत्राची छायांकित प्रत, १९७४.
२) अर्जदाराच्या प्रसंगाचा कागद, अर्धे पान. (संवाद नाहीत. फक्त हाक.)
३) दारावरची पाटी, मूळ प्रत, चार स्क्रूंसह. परत करण्याची आवश्यकता नाही.