घागरीचा गळा

सानगडी,
ता. २ फेब्रुवारी १९७९

तीर्थरूप शकुनबाईंना कुंताचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

इकडं थंडी ओसरत आली. धानाचं चुरणं-मळणं आटोपलं. तळ्या-बोडीचं पाणी मागं हटलं, तशी काठाची काळी माती आणून अंगणात घातली आहे. तुम्ही लहानपणी ज्या पळसाखाली बसून माती चाळायच्या तो आता फुलायला टेकला आहे. आमची लेक रंभा आंधळगावला सासरी सुखात आहे. तिला दिवस गेले आहेत. तुम्ही आता आजी होणार.

किल्ल्याच्या टेकडीवरून संध्याकाळी गुरं उतरतात तेव्हा धुळीनं आपलं अंगण भरून जातं आणि वाळत घातलेल्या मडक्यांवर मला लुगडं टाकावं लागतं. तुम्ही म्हणाल, हे काय लिहायचं. पण तुम्हाला माहेरच्या धुळीचीही खबर हवी असते, म्हणून लिहिलं.

हे बरे आहेत. जरा हात अवघडतो, थंडीनं असेल. तुमची आठवण काढतात.

एक विचारायचं होतं. अक्षय तृतीयेच्या घागरी आता करायला घ्यायच्या. गळा ओढताना कोर फाटते. मामंजींची घागर चाकावर कधी फाटली नाही असं सगळे सांगतात. तुम्ही त्यांच्याजवळ बसून पाहिलं आहे. गळ्याशी आले की ते काय करत? सवडीनं कळवा, घाई नाही.

घाई नाही असं लिहिलं खरं, पण लवकर कळलं तर बरं होईल.

तुमची भावजय,
कुंता


सानगडी,
ता. २२ मार्च १९७९

तीर्थरूप शकुनबाई,

तुमचं कार्ड धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी मिळालं. पोस्टमननं दारातूनच हाक मारली आणि मी चिखलाच्या हातानंच ते घेतलं, म्हणून त्यावर आता माझी बोटं उमटली आहेत. तुम्ही लिहिलं आहे, "आतली बोटं वर चालव, बाहेरचा हात नुसता टेकव. माती रुसली तर थांब, पाणी ओतू नको." आणि त्याच्या खाली ह्यांच्याविषयी, "आता मले सांग, टिकाले हे कधीपासून माहीत नाही? खरं लिह."

खरं लिहिते, बाई. बसून वाचा.

दिवाळीच्या पणत्या करताना ह्यांच्या हातातून माती सुटली. मला वाटलं डुलकी लागली. वळून पाहते तर तोंड एका बाजूला गेलेलं आणि उजवा हात मांडीवर पडलेला. साकोलीच्या डॉक्टरांनी लकवा सांगितला. पाय सुधारला, काठी घेऊन अंगणात फिरतात. बोलणं पुष्कळ सुधारलं आहे, थोडं जड आहे इतकंच. हात मात्र उठत नाही.

तुम्हाला कळवू नको म्हणून ह्यांनीच शपथ घातली. म्हणाले, "बाईनं मले कडेवर वागवलं. तिनं आता पुन्हा मले उचलून बसवावं का? नको सांगू." त्यांची आई त्यांच्या बाळपणीच गेली आणि तुम्हीच आई झाल्या, हे मला लग्नाच्या पहिल्या दिवसापासून माहीत आहे. म्हणून तेव्हा गप्प राहिले. तुम्हाला राग आला तर तो मी घेईन, ह्यांना काही बोलू नका.

आता दुसरी गोष्ट. ती लिहायला हात अडतो आहे.

आपल्यात बाईनं चाकाची पूजा करावी, माती तुडवावी, मडकं थापून द्यावं, पण चाकावर बसू नये. मी बसले, बाई. पौषात, दुपारची, सगळी आळी शेतावर गेली असताना. आधी चाकाला हळदकुंकू वाहिलं, पाया पडले, मग बसले. घरात मुलगा नाही. बसले नसते तर चाक उभं करून भिंतीला लावावं लागलं असतं, आणि ते तसं उभं पाहून हे किती दिवस जगले असते ते मला सांगवत नाही.

ह्यांची खाट ओसरीतच आहे. मी बसले तसे ह्यांनी तोंड भिंतीकडं केलं. मग जेवायला वाढलं तर जेवत, पण बोलत नव्हते. माझ्या हातून वेड्यावाकड्या पणत्या, वाडगी निघत. हळूहळू गाडगी निघू लागली. घागर मात्र गळ्याशी फाटे. ह्यांना विचारायची सोय नव्हती, म्हणून तुम्हाला विचारलं.

तुमचं कार्ड आलं त्याच दुपारी पुन्हा बसले. तुम्ही लिहिलं तशी आतली बोटं चालवली. अर्धा गळा आला आणि माती थरथरायला लागली. एवढ्यात भिंतीकडून आवाज आला, "माती ओली आहे. आवाजच सांगून राहिला. हात कोरडा कर." ह्यांनी तोंड वळवलं नव्हतं. मी हो म्हटलं नाही, चाकही थांबवलं नाही. थांबवलं असतं तर हे पुन्हा गप्प झाले असते असं वाटलं. पदराला हात पुसला आणि गळा ओढला. तो निघाला, बाई. घागर उतरवून खाटेजवळ नेऊन ठेवली. ह्यांनी डाव्या हाताच्या बोटानं काठ चाचपला आणि म्हणाले, "जाड आहे. उद्या पातळ काढ."

दुसऱ्या दिवसापासून खाट चाकाकडं तोंड करून टाकली आहे.

आळीत कळायचं ते कळलंच. दादाजी आले. समाजात त्यांचा शब्द चालतो हे तुम्ही जाणता. माणूस वाईट नाही. लकवा झाला तेव्हा साकोलीला बैलगाडी त्यांनीच जुंपली होती. ओसरीत बसले, पाणी पिले, आणि म्हणाले, "टिकाराम, रोजचे माठ-गाडगे राहू दे, पोट आहे. पण पितरांची घागर बाईच्या चाकावरची चालत नाही. लोक घेणार नाहीत."

हे म्हणाले, "लोकायचं लोक पाहतीन. माझ्या बापाले मी हिच्याच घागरीतलं पाणी ठेवीन. त्याले नाही पटलं तर तो मले सपनात येऊन सांगन."

दादाजी उठून गेले. रागावून नाही, पण गेले.

बाई, मला दादाजींची भीती नाही. भीती वेगळीच आहे. तुम्ही माहेरी येता तेव्हा ओसरीत चाकाकडं पाठ करून बसता. पहिल्यांदा मला वाटलं, उजेड डोळ्यांवर येतो म्हणून. मग एकदा ह्यांनी सांगितलं की तुमचा हात ह्यांच्यापेक्षा चांगला होता, तुम्ही मामंजींच्या नकळत चाकावर बसल्या होत्या आणि त्यांनी तुम्हाला ओढून उठवलं. त्याच उन्हाळ्यात बपेऱ्याला लग्न लावून दिलं. जे तुम्हाला बापाच्या घरी मिळालं नाही ते मी परक्या घरून येऊन घेतलं. हे तुमच्या मनाला लागेल, याचीच धास्ती घेऊन मी बसते.

ती घागर ज्यांच्या नावानं भरायची ते तुमचेही वडील आहेत. म्हणून तुम्हाला विचारते. तुम्ही नको म्हणाल तर साकोलीच्या बाजारातून घागर आणीन आणि ह्यांची समजूत काढीन. जे मनात असेल ते लिहा.

तुमची,
कुंता


सानगडी,
ता. १२ मे १९७९

प्रिय बाई,

तुम्ही सुखरूप पोचल्या हे कळलं. तुमसरच्या स्टँडवर बस चुकून उन्हात बसावं लागलं, वाचून वाईट वाटलं. पुढच्या वेळी पहाटेची गाडी धरा.

माझ्या पत्राला तुम्ही उत्तर पाठवलं नाही, तेव्हा मी काय काय मनात आणलं ते सांगत नाही. अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी पिशवी घेऊन तुम्ही स्वतःच दारात उभ्या राहिल्या. माझ्याशी न बोलता सरळ भावाच्या खाटेशी गेल्या आणि त्यांचा मेलेला हात आपल्या मांडीवर घेऊन बसल्या. हे लहान पोरासारखे रडले. लकवा झाल्यापासून मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. तुम्ही आल्या नसत्या तर ते रडणं आतच राहिलं असतं.

दुसऱ्या दिवशीचं एक तुम्हाला माहीत नाही. तुम्ही माझ्या घागरीत विहिरीचं पाणी भरत होत्या तेव्हा मी दाराआड होते. तुम्ही नखानं घागर वाजवून पाहिली. मग हळू म्हणाल्या, "बाबा, मले तुम्ही बसू नाही देल्लं. आता हिच्या हातचं पाणी प्या." मी ऐकलं. ऐकून आत चुलीशी जाऊन उगाच लाकडं सारत राहिले.

पाणी सोडताना ह्यांचा उजवा हात उचलेना, तर तुम्ही खालून आपला हात लावला. दोघांच्या ओंजळीतून पाणी पडलं. भिंतीवरून अर्धी आळी पाहत होती. तुम्ही उठून सगळ्यांकडं पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "आमच्या बापानं घेतलं." त्यानंतर दुपारपर्यंत काही घरं घागरी न्यायला आली. सगळी नाही आली. दादाजींच्या घरची घागर साकोलीहूनच आली होती. पण तुम्ही गेल्यावर त्यांच्या घरच्या मालकीणबाई प्यायच्या पाण्याचा माठ घेऊन गेल्या. पाणी गार पडतं म्हणाल्या. पुढच्या वर्षी काय होईल ते पुढच्या वर्षी पाहू.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते लिहिते. तुम्ही निघायच्या आदल्या दिवशी मी म्हटलं, बसा, आणि तुम्ही म्हणाल्या, "आता बुढी झाली मी, कायले लाजवतं." मी चाकाला दांडा लावून फिरवत राहिले, तेव्हा कुठं तुम्ही बसल्या. तुमची बोटं मातीवर गेली तशी मान सरळ झाली. ह्यांनी खाटेवरून एकही चूक काढली नाही. त्यांना सांगण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

तुम्ही काढलेलं ते गाडगं मी भाजायला आव्यात मधोमध ठेवलं होतं. वर कोंडा, शेण्या रचल्या. आग देताना हात जोडले, ते एवढ्याचसाठी. काल आवा उघडला. दोन मोठे माठ तडकले. तुमचं गाडगं अख्खं निघालं, चांगलं लाल. एका बाजूला किंचित कललेलं आहे, कारण शेवटी तुम्ही रडायला लागल्या होत्या. एका गिऱ्हाइकानं उचललं तर हे ओरडले, "ते ठेव, ते विकाचं नाही." आता तुळशीजवळ आहे. रोज सकाळी हे त्यातलं पाणी तुळशीला घालतात, डाव्या हातानं, अर्धं अंगणात सांडत.

रंभाचं बाळंतपण श्रावणात आहे. पण तुम्ही तोवर थांबू नका. पावसाआधी आणखी एक आवा लावणार आहे आणि मला एकटीला होत नाही. भावाला भेटायला म्हणून नका येऊ. कामाला या.

हे म्हणतात, मले पेन दे. डाव्या हातानं कधी लिहिलं नाही त्यांनी. अक्षर लागणार नाही, पण तुम्हाला ओळखू येईल.

तुमची कुंता

बाई ये
टिका