सर्व टाक्या ठीक

३ मार्च, सोमवार. सकाळी ६.१५
आजपासून नवी जबाबदारी. लेकीच्या व्हिडिओ गेमचा अधिकृत टेस्टर म्हणून माझी नेमणूक झाली आहे.

गेलं दीड वर्ष बिट्टी चांगली नोकरी सोडून मागच्या खोलीत हा गेम बनवते आहे. लोकांनी विचारलं की "ती कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढंच सांगून मी विषय बदलायचो. काल ती स्वतःहून आली आणि म्हणाली की बाबा, तुम्हीच तपासून द्या. तिने आणि तिच्या चित्रं काढणाऱ्या मैत्रिणीने तो इतक्यांदा खेळलाय की आता त्यांना चुका दिसतच नाहीत. आणि चौदा तारखेला ज्या परीक्षकांसमोर तो ठेवायचाय, ते माझ्याच वयाचे, जन्मात गेम न खेळलेले. त्यांनी निवडला तर एक कंपनी तो बाजारात आणणार. नाही निवडला तर बिट्टी मुकाट्याने जुन्या नोकरीवर, दुसऱ्या शहरात. तसा शब्दच दिलाय तिने आईला.

म्हणजे सगळी भिस्त माझ्यावर. योग्य माणसावर आहे. रंगाच्या कारखान्यात सव्वीस वर्षं सेफ्टी ऑफिसर आहे, तपासणी रक्तात भिनलेली आहे.

एक्केचाळीस ओळींचा फॉर्म दिलाय. प्रत्येक ओळीपुढे "ठीक" किंवा "ठीक नाही". बारा तारखेपर्यंत भरून द्यायचा.

निश्चय : रोज सकाळी सहा ते आठ गेम. चहासुद्धा नंतर.

३ मार्च. सकाळी ६.३५
चहा घेतला. रिकाम्या पोटी तपासणी करू नये असा नियम आहे. नसेल तर असायला हवा.

३ मार्च. संध्याकाळी
गेम उद्यापासून. आज सोमवार, सोमवारी रजिस्टर असतं.

आपली पद्धत साधी आहे. सोमवारी ऑफिसात पोचल्या पोचल्या येत्या शनिवारपर्यंतचं रजिस्टर भरून टाकायचं. नऊ टाक्या, सहा दिवस, चोपन्न खुणा, सात मिनिटं. मग आठवडाभर डोकं मोकळं. फोरमनला हे बघवत नाही. आज पुन्हा म्हणाला की साहेब, चार नंबरच्या टाकीवरच्या मीटरची सुई आठ महिने हललेली नाही, एकदा येऊन बघा. मी त्याला समजावलं की सुई हलत नाही म्हणजे दाब स्थिर आहे, यात घाबरण्यासारखं काय? तो मान हलवत टाक्यांकडे निघून गेला. या लोकांना टेक्निकल गोष्टी पटकन कळत नाहीत.

४ मार्च, मंगळवार. सकाळी ८.१०
खेळलो! गेमचं नाव "गाळ".

तळ्याकाठचं एक गाव. वरच्या कारखान्याची टाकी फुटते, सगळं विष तळ्यात उतरतं, गाव ओस पडतं. वीस वर्षांनी एक बाई तोंडाला मास्क लावून तिथे परत येते आणि घराघरांत शिरून लोकांचे राहिलेले कागद वाचते. झालं. बंदूक नाही, भूत नाही, गाणं तर नाहीच. मी बिट्टीला विचारलं की यात मारायचं कोणाला? म्हणाली, कोणालाच नाही. मग जिंकायचं कसं? म्हणाली, जिंकायचं नसतं बाबा, काय झालं ते शोधायचं असतं. दीड वर्ष! याच्यासाठी!

पण मी काही बोललो नाही. टेस्टरने तटस्थ राहावं.

प्रगती : पाऊण तास चालत होतो. रस्ता फार लांब ठेवलाय असं फॉर्मवर लिहिणार होतो, तेवढ्यात बायको चहा घेऊन आली आणि म्हणाली की अहो, ती बाई मघापासून भिंतीवर डोकं आपटतेय.

५ मार्च, बुधवार
खेळलो नाही. खुर्ची बरोबर नाही. मान धरते.

६ मार्च, गुरुवार
उशी आणली. उशी लावल्यावर चष्म्याचा नंबर लागेना. चष्मा पुसला. तोवर आठ वाजले.

७ मार्च, शुक्रवार. सकाळी ८.००
आज दणक्यात खेळलो. बारा ओळींइतकं झालं, बाराच्या बारा ठीक.

गेममधल्या कारखान्याच्या ऑफिसात पोचलो. तिथे एका साहेबाचे कागद सापडतात, टाक्या तपासणं हेच त्याचं काम. आणि हा बहाद्दर काय करतो, तर टाक्यांकडे फिरकतसुद्धा नाही! टेबलाशी बसून "ठीक, ठीक, ठीक" लिहितो! वाचताना तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या हाताखाली असता तर पहिल्या दिवशी घरी पाठवला असता.

बिट्टीला मात्र स्पष्ट सांगितलं की हे पात्र फसलंय. इतका बेजबाबदार माणूस कुठल्याही कंपनीत टिकणार नाही, वाचणाऱ्याला पटत नाही. तिने हळूच विचारलं की तुम्ही पुढचे कागद वाचलेत का? म्हटलं, वाचेन. बायकोला तेव्हाच नेमका स्वयंपाकघरात ठसका लागला. पाणी नेऊन द्यावं लागलं.

१० मार्च, सोमवार
शनिवार-रविवार विश्रांती. डोळ्यांना लागते.

रजिस्टर भरलं. सहा मिनिटं! स्वतःचाच विक्रम मोडला.

हात चालू होता म्हणून डब्याच्या सुट्टीत बिट्टीचा फॉर्मही समोर घेतला. तेरा ते एक्केचाळीस ओळी नुसत्या वाचून काढल्या. वाचूनच कळतं की ठीक असणार. शेवटी पोरगी कोणाची आहे! उदाहरणार्थ ओळ सतरा : पंपघरात चिठ्ठी आधी वाचून मग किल्ली घेतली, किंवा किल्ली आधी घेऊन मग चिठ्ठी वाचली, तर दोन्ही वेळा दार उघडतं का? आता दार आहे म्हटल्यावर उघडणारच. दार असतं कशाला?

तरी तपासणी ही तपासणीसारखी दिसली पाहिजे. म्हणून तीन वेगवेगळी पेनं वापरली, तारखा पुढेमागे टाकल्या आणि ओळ तेवीसवर चहाच्या कपाचा गोल डाग पाडला. हे कसब कुठल्या कोर्समध्ये शिकवत नाहीत.

१२ मार्च, बुधवार. सकाळी
फॉर्म दिला. बिट्टीने उभ्याउभ्याच पानं उलटली. डाग बघून तिचे डोळे भरून आले. म्हणाली, बाबा, तुम्ही खरंच एवढा वेळ दिलात? मी म्हटलं, त्यात काय.

मग तिने सतरा नंबरचं विचारलं. दोन्ही क्रमांनी करून बघितलं ना? म्हटलं, हो. पुन्हा विचारलं. जरा रागच आला. सव्वीस वर्षांत मला कोणी दोनदा विचारलेलं नाही. तेव्हा कुठे तिने सुस्कारा सोडला आणि म्हणाली की मग तिथे मी आता हातच लावत नाही. पोरगी दुपारी चक्क झोपली म्हणे. कित्येक दिवसांनी.

परवा धावपळ होईल, म्हणून शुक्रवारची नोंद आत्ताच करून ठेवतो.

१४ मार्च, शुक्रवार
कार्यक्रम उत्तम झाला. परीक्षक भारावून गेले. बिट्टीचा गेम एकमताने निवडला. तिने भाषणात माझा खास उल्लेख केला. मी उठून हात हलवला, मोजकाच. येताना सगळ्यांनी आइस्क्रीम खाल्लं. बायको म्हणाली, तुमच्यामुळे झालं हो.

१४ मार्च, शुक्रवार. संध्याकाळी ७.००
वरची नोंद रद्द.

तिसऱ्या रांगेत बसलो होतो. सुरुवात छान झाली. परीक्षकांतल्या एक पांढऱ्या केसांच्या बाई स्वतः खेळायला बसल्या. तळं बघून "अरे बापरे" म्हणाल्या. घरात शिरून एका बाईची वाण्याची यादी वाचली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचली. हॉलमध्ये कोणी खोकलंसुद्धा नाही. मला मनातून वाटलं, झालं, जिंकलो.

मग त्या पंपघरात गेल्या. किल्ली उचलली. नंतर चिठ्ठी वाचली. आणि दार उघडेना.

त्यांनी धक्के दिले. मागे गेल्या, पुढे आल्या. बिट्टी स्टेजवर हसत होती, ते हसू मला ओळखू येत नव्हतं. म्हणाली, पुन्हा पहिल्यापासून सुरू करूया का? परीक्षक घड्याळ बघून म्हणाले की कल्पना फार सुंदर आहे, पुढचे कोण आहेत? दार उघडलं असतं तर पुढे शेवटची खोली होती. त्या खोलीसाठीच सगळा गेम केलाय, असं बिट्टी नंतर बाहेर तिच्या मैत्रिणीला सांगत होती. मी मागेच उभा होतो.

घराशी आल्यावर बिट्टीने एवढंच विचारलं की बाबा, सतरा नंबर केलं होतंत का? मी म्हणालो की तसं म्हटलं तर केल्यासारखंच होतं. तिने मान हलवली आणि आत गेली.

आतून की-बोर्डचा आवाज आला आणि थांबला. पंपघराचं दार दुरुस्त झालं. नऊ मिनिटं लागली.

१५ मार्च, शनिवार
शांतपणे विचार केला. दोष कोणाचा, हे ठरवायला हवं.

एक, त्या बाई. किल्ली आधी उचलायची काय गरज होती? कुठलाही समजूतदार माणूस आधी चिठ्ठी वाचतो. दोन, फॉर्म. त्यात "न बघता ठीक" असा रकानाच नव्हता, मग माणसाने लिहायचं कुठे? तीन, खुर्ची.

हे सगळं बायकोला मुद्देसूद सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, जेवण झालंय का तुमचं, की तेही सोमवारीच लिहून ठेवलंय?

बिट्टीने बॅग काढली आहे. गुरुवारी जाणार.

१६ मार्च, रविवार. दुपारी ३.४०
सकाळी नऊला बसलो. उशी नाही, चहा नाही. गेम पहिल्यापासून खेळलो, शेवटपर्यंत.

पंपघराचं दार आता उघडतं. किल्ली आधी घेऊन बघितलं, चिठ्ठी आधी वाचून बघितलं. दोन्ही वेळा.

पुढे शेवटची खोली. लहान आहे. एक टेबल, त्यावर त्या साहेबाचं रजिस्टर. पानं उलटली. अख्ख्या महिन्याच्या खुणा लाल पेन्सिलीने केलेल्या. पण त्या मोठ्या माणसाच्या नाहीत. वाकड्या, एखादी उलटी, आणि एका टाकीपुढे खुणेऐवजी फूल काढलेलं. मास्कवाली बाई हातमोजा काढते आणि त्या फुलावर बोट ठेवते. ती त्या साहेबाची मुलगी असते. खाली एकच ओळ येते. "बाबा, टाक्या बघायच्या नाहीत का?" आणि त्याचं उत्तर : "बघितल्यासारख्याच आहेत गं."

बिट्टी सात वर्षांची होती. शाळेला सुट्टी होती आणि बायको आजारी, म्हणून तिला ऑफिसात नेलं होतं. गप्प बसावी म्हणून लाल पेन्सिल दिली आणि रजिस्टर पुढे सरकवलं. काय खूश झाली होती! दोन्ही पाय हलवत हलवत अख्खा महिना भरला तिने. तिने ते विचारलं होतं, आणि मी तेच उत्तर दिलं होतं. शब्दन् शब्द. मी विसरून गेलो होतो, ती नाही विसरली. मोठी झाल्यावर तिला त्या खुणांची भीती वाटली असणार, आणि मी तिला काय सांगितलं? की पात्र फसलंय.

लाज वाटली. फार लाज वाटली. हे लिहून ठेवतो, कारण ही नोंद खरी आहे.

१७ मार्च, सोमवार. संध्याकाळी
ऑफिसात गेलो, रजिस्टर उचललं आणि बाहेर पडलो. फोरमनने विचारलं की साहेब, बरं नाही का? म्हटलं, टाक्या बघायच्यात. तो हातातला डबा तसाच ठेवून मागोमाग आला.

चार नंबरच्या मीटरवर टिचकी मारली. सुई टपकन आत पडली. फोरमन काहीच बोलला नाही. चांगला माणूस आहे. टाकीत काय दाब आहे ते कोणालाच माहीत नाही, म्हणून ती बंद करून घेतली. मॅनेजर ओरडले. ओरडू देत.

तीन नंबरला शिडीचे दोन दांडे नाहीत. आठ नंबरखाली ओल आहे. पाच नंबरपाशी दम लागला म्हणून पायरीवर बसलो. सात मिनिटांच्या कामाला साडेतीन तास लागले.

सहा नंबर काही सापडेना. पाचनंतर एकदम सात. दोन फेऱ्या मारल्या. शेवटी तोंड वर करून फोरमनला विचारावंच लागलं की सहा नंबरची टाकी कुठे आहे? तो मग म्हणाला की साहेब, ती दोन वर्षांपूर्वी काढून नेली, क्रेन आली होती की. गेल्या शनिवारपर्यंत ती माझ्या रजिस्टरात ठीक होती.

घरी आल्यावर बिट्टीला नवा फॉर्म दिला. एकच पेन. अडतीस ठीक, तीन ठीक नाही. तिने सावकाश सगळा वाचला आणि तारीख बघितली. विचारलं, ही खरी आहे? म्हटलं, कालची आहे, बसून भरलाय. तिने तो बॅगेत कपड्यांच्या वर ठेवला.

मग तिला सहा नंबरच्या टाकीचं सांगितलं. शुक्रवारपासून पहिल्यांदा हसली. पोट धरून हसली, जमिनीवर बसून हसली. हसणं थांबल्यावर डोळे पुसत म्हणाली की बाबा, हे मी गेममध्ये घातलं असतं ना, तर कोणालाच पटलं नसतं.

गुरुवारी सकाळी सातला तिची गाडी आहे. गुरुवारची नोंद गुरुवारी करीन.