माझ्या वाट्याचे लाकूड

मृत्युपत्र लिहून ठेवणार: शरणप्पा मलप्पा उस्तुरगे, वय ७२, धंदा पूर्वी लाकडाची वखार, हल्ली काही नाही, राहणार निलंगा, जिल्हा लातूर.

कारणे लिहून ठेवतो की, हे मी राजीखुशीने, अक्कलहुशारीने व नशापाणी न करता सांगत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डोके शांत असल्याचा दाखला त्यांनी दिला नाही आणि मीही मागितला नाही. माझ्या छातीत दोनदा कळ येऊन गेली आहे. तिसरी येण्याआधी एका गोष्टीचा निकाल लावायचा होता, तो म्हणजे लाकडी जहाजाचा मोठा संच विकत घ्यावा की घेऊ नये. निकाल लागला आहे. तो लागताना घरात रक्त सांडले, म्हणून सगळे लेखी असलेले बरे.

कलम १. घर. निलंग्यातील राहते घर वडिलांनी बांधलेले असून मधोमध भिंत घालून त्याचे दोन भाग झाले आहेत. रस्त्याच्या बाजूचा माझा आणि मागचा माझा थोरला भाऊ ईश्वरप्पा याचा. माझा भाग माझ्या पश्चात पत्नी नीलम्मा हिच्या एकटीच्या मालकीचा राहील. ती हयात असेपर्यंत कोणी तिच्यापुढे सहीसाठी कागद धरू नये.

भिंतीत एक बुटके दार आहे. भिंत बांधताना मी आणि ईश्वरप्पा अंगणात एकमेकांच्या उरावर बसलो होतो, तेवढ्यात नीलम्माने गवंड्याकडून ते ठेवून घेतले. त्या दिवशी ईश्वरप्पाने फावड्याच्या दांड्याने माझे गळ्याजवळचे हाड मोडले. दवाखान्यात मी शिडीवरून पडलो असे सांगितले. ईश्वरप्पाची बायको वारल्यापासून नीलम्मा त्या दारातून त्याला दोन्ही वेळची भाकरी देते. मला ते कधी पसंत नव्हते आणि मी ते कधी बंदही केले नाही. ते दार कोणी बुजवू नये.

कलम २. भांडणाचे मूळ. हे कलम वाटणीचे नाही, पण पुढची वाटणी त्यावाचून कळणार नाही.

तरुणपणी वडिलांबरोबर मुंबईच्या गोदीत सागाची बोली लावायला गेलो असता मी तीन डोलकाठ्यांचे जहाज पाहिले. आमच्याकडे पाणी म्हणजे विहीर, आणि उन्हाळ्यात तिचाही तळ दिसायचा. ते जहाज माझ्या डोक्यात बसले ते निघेना. परत आल्यावर वखारीतल्या उत्तम सागाच्या ओंडक्यातून मी जहाज कोरायला घेतले. दोन वर्षे कोरत होतो. तो ओंडका एका गिऱ्हाइकाच्या दारासाठी राखलेला होता. दाराला लाकूड उरले नाही तेव्हा ते गिऱ्हाईक वखारीत येऊन चार लोकांदेखत वडिलांना वाटेल ते बोलून गेले. ईश्वरप्पाने मला तेव्हाच बदडले असते तर गोष्ट तिथेच संपली असती. त्याने दम धरला. ऐंशी सालच्या होळीला संध्याकाळी गल्लीतली पोरे घेऊन आला, वखारीतून जहाज उचलले आणि आगीत टाकले.

आमच्याकडे होळीसाठी लाकूड पळवणे ही चोरी धरत नाहीत. आणि होळीत पडलेले लाकूड मालकानेही परत काढायचे नसते, फार तर बोंब मारायची. मी बोंब मारली नाही. आगीत हात घातला. उजव्या हातात ईश्वरप्पाची मान होती, म्हणून डावा घातला. बाहेर आला तो फक्त कणा, म्हणजे जहाजाच्या तळाचा दांडा, तोही पेटलेला. तोच मी त्याच्या तोंडावर हाणला. त्याचा उजवा डोळा गेला. माझ्या डाव्या हाताची बोटे भाजून एकमेकांना चिकटली, ती अजून तशीच आहेत.

एकाच्या डोळ्यातून रक्त चालले होते, दुसऱ्याच्या हाताची साल लोंबत होती, तरी वडिलांनी आधी दोघांना वखारीत नेऊन मापाच्या गजकाठीने झोडपले आणि मग लातूरला दवाखान्यात नेले. पंचांनी हाताला डोळा म्हणून भांडण मिटले असे जाहीर केले. पोलिसांपुढे ईश्वरप्पाने माझे नाव घेतले नाही. उपकार म्हणून नव्हे. तो म्हणाला, "त्याचं मी बघून घेतो." तेव्हापासून आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही. मारामाऱ्या पुष्कळ झाल्या, बोलणे नाही. मला या कलमाचा खेद नाही. असता तर लिहिला असता.

कलम ३. जहाजाचा संच. माझी मुलगी मंजुश्री नांदेडला आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवते. तिने गेल्या उन्हाळ्यात माझ्या मोबाइलवर एक चित्र पाठवले. जुन्या काळचे लढाऊ जहाज, तीन डोलकाठ्या, दोन्ही अंगांना पितळी तोफा. खोक्यात सुट्या फळ्या, बरगड्या, दोऱ्यांची रिळे येतात आणि जोडायचे आपण. जोडून झाले की दिवाणाएवढे लांब होते.

मी ते मोबाइलवर कार्टमध्ये टाकले आणि काढले, पुन्हा टाकले. सगळा उन्हाळा हेच केले. त्या किमतीत दुभती म्हैस येते. जोडायला तीन-चार वर्षे लागतात आणि माझ्या छातीचा एवढा भरवसा नाही. काडीएवढे दोरे ताणायला दोन धड हात हवेत. नीलम्माला विचारले तर ती म्हणाली, "धोतराची निरी मी घालून देते, अन् तुम्ही जहाजाचे दोरे ओढणार?" यावर मी ताट भिरकावले. ताट पितळेचे आहे, त्याला काही झाले नाही.

घ्यावे, या बाजूने माझ्याकडे एकच मुद्दा होता. ज्यांना जाळतात त्यांना शेवटी गाडीभर लाकूड मिळते. गावातली कितीतरी सरणे माझ्याच वखारीतून रचली गेली. आम्ही लिंगायत, आम्हाला बसवून पुरतात, एक काडी लागत नाही. म्हणजे जन्मभर लाकडात राहून माझ्या वाट्याचे लाकूड बाकीच राहिले. ते मी जिवंतपणी घेतले तर कोणाचे काय जाते? हा मुद्दा मी मुलापुढे मांडला. तिथून पुढचे कलम सुरू होते.

कलम ४. वखारीची जागा. ही माझा मुलगा उमाशंकर यास मिळेल. तिथे त्याला दुकानाचे गाळे काढायचे आहेत, काढू देत.

श्रावणात त्याने माझा मुद्दा ऐकून घेतला आणि म्हणाला, "ह्या वयात खेळणं? लोक हसायलेत आपल्याला." मी म्हणालो, लोकांची नावे सांग. त्याने माझ्या हातातला मोबाइल हिसकावून फरशीवर आपटला. कोपऱ्यात वडिलांची गजकाठी होती. मी ती त्याच्या डोक्यात घातली. कपाळ भुवईपर्यंत उकलले. त्याच्या अंगात माझ्या दुप्पट जोर आहे. त्याने माझा भाजका हात पाठीमागे पिरगाळून मला भिंतीशी दाबले. चिकटलेल्या बोटांची कातडी फाटताना मला ऐकू आली. नीलम्मा त्याच्या पाठीवर बुक्क्या मारत होती, त्याला त्या कळतही नव्हत्या.

तेव्हा बुटके दार उघडले. ईश्वरप्पा, वय शहात्तर, त्या दारातून आजवर कधी न आलेला माणूस, वाकून आत आला. हातात कुऱ्हाडीचा दांडा होता. त्याने उमाशंकरच्या पाठीत दोन घातले. उमाशंकर खाली बसला आणि श्वासासाठी तोंड उघडत राहिला. ईश्वरप्पा त्याच्यावर वाकून म्हणाला, "ह्याला हाणायचा हक माझा हाय. तुझा न्हाई."

मग त्याने फरशीवरचा मोबाइल उचलला. काच तडकली होती, तरी आतले जहाज दिसत होते. ते त्याने एका डोळ्याने बराच वेळ पाहिले, मोबाइल पाटावर ठेवला आणि माझ्याकडे न बघता निघाला. जाताना दाराची चौकट डोक्याला लागली, तेव्हा त्याने गवंड्याला आईवरून शिवी दिली. तो गवंडी मरून वीस वर्षे झाली आहेत.

मला त्या दिवशी फार बरे वाटले. हात फाटला होता, मुलाचे रक्त फरशीवर होते, आणि मला लग्नातही वाटले नव्हते इतके बरे वाटले. दुसऱ्या दिवशी मंजुश्रीला फोन करून सांगितले, जहाज मागव.

उमाशंकरला जागा का, असे नीलम्माने विचारले. हात उगारला म्हणून वारसा जात असता तर आमच्या घराण्यात कोणालाच काही मिळाले नसते.

कलम ५. हत्यारे. रंधे, पटाश्या, करवती, वाकस व सर्व शिकंजे मंजुश्रीस द्यावेत. सुतारकामाची हत्यारे बाईला कशाला, असे जो म्हणेल त्याला तिने त्यातले कोणतेही एक दाखवावे. गजकाठी कोणालाच देऊ नये. ती नीलम्माने चुलीत घालावी. हे तिच्या सासऱ्यांच्या वेळीच व्हायला हवे होते असे तिचे म्हणणे आहे, आणि ते मी येथे नोंदवतो.

कलम ६. माती. मला रीतीप्रमाणे बसवून पुरावे. इष्टलिंग डाव्या तळहातावर ठेवावे. बोटे चिकटून त्या हाताची आपोआप वाटी झाली आहे, लिंग त्यात नीट बसते. या हाताचा तेवढा एक उपयोग शिल्लक आहे. जहाज माझ्याबरोबर पुरू नये.

कलम ७. जहाज. खोके आले आहे. बरगड्या उभ्या करतो आहे. फळी दातात धरतो आणि उजव्या हाताने चिकटवतो, दोरे आल्यावर काय करायचे ते तेव्हा पाहू. अर्धे राहिले तर मंजुश्रीने पुरे करावे, घाई करू नये. माळ्यावर पोत्यात जुन्या जहाजाचा जळका कणा आहे. त्याची बैठक करून नवे जहाज त्यावर बसवावे.

असे ते जहाज ईश्वरप्पा यास द्यावे. बुटक्या दारातून नेऊ नये, डोलकाठ्या मोडतील. पुढच्या दाराने, रस्त्याने, लोकांदेखत न्यावे. ते ठेवावे, विकावे की येईल त्या होळीत टाकावे, ही सर्वस्वी त्याची मर्जी. होळीत टाकायला निघाला तर कोणी त्याचा हात धरू नये. आगीपाशी पोचल्यावर त्याला एवढेच वाचून दाखवावे, की या खेपेला ते बाहेर काढायला मी नसेन.

वरील मजकूर वकिलांनी सर्वांसमोर मोठ्याने वाचला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. वाचताना ईश्वरप्पा बुटक्या दारात उभा होता. ज्याला मिळायचे त्याने साक्षीदार होऊ नये असे वकील म्हणाले, म्हणून त्याची सही घेतलेली नाही. त्याने शेवटचे कलम पुन्हा वाचायला लावले. मग ऐंशी सालच्या होळीपासून पहिल्यांदाच तो माझ्याशी बोलला. म्हणाला, "आधी बनव तर. मंग बघतो."

हे त्याचे शब्द माझ्या आग्रहावरून येथे लिहून घेतले आहेत, आणि त्याखाली मी सही करतो.

शरणप्पा मलप्पा उस्तुरगे
(सही उजव्या हाताची. डाव्याचा अंगठा उठत नाही.)

साक्षीदार:
१. वैजनाथ मारोती सूर्यवंशी, वकील, निलंगा
२. गुरुपादप्पा शिवलिंगप्पा स्वामी, जंगम, शिरूर अनंतपाळ

स्थळ: निलंगा
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२५